ण वरून गाव

भानुदास कुंभोजकर, घरच्यांचे अण्णा, एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, आणि त्यातली निम्मी वर्षं कराड–चिपळूण गाडीवर गेली होती. त्यांचा आवाज असा, की पाटणच्या स्टँडवर त्यांनी "हेळवाक, पोफळी, चिपळूऽऽण" म्हटलं की पलीकडच्या फलाटावर डुलक्या घेणारी माणसंही पिशव्या उचलून उभी राहत. घरातही तोच आवाज. मीठ मागायचं तरी गाडी सुटल्यासारखं मागायचे.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना तो आवाज गेला. मेंदूच्या देठाशी रक्ताची एक गुठळी अडकली होती. डॉक्टरांनी जीव वाचवला. काठी घेऊन चालणंही परत आलं. पण उजवा हात थरथरायचा, त्यामुळे लिहिता येईना. आणि तोंडातून घरघर सोडून काही निघेना. डोकं मात्र लख्ख. शब्द आत सगळे जागच्या जागी होते.

त्यांची मुलगी ऋतुजा पुण्याला राहायची. ती आईवडिलांना आपल्याकडे घेऊन आली आणि तिथेच तिला डॉ. लीना अवचार यांच्या प्रयोगाबद्दल कळलं.

"आपण बोलायचं ठरवलं की मेंदूतला एक पट्टा जीभ, ओठ, जबडा, टाळू या सगळ्यांना हुकूम सोडतो," अवचारबाईंनी पहिल्या भेटीतच समजावून सांगितलं होतं. "तुमच्या वडिलांचे हुकूम अजून सुटतायत. वाटेतला पूल तेवढा वाहून गेलाय. आम्ही अलीकडच्या काठावरच हुकूम पकडतो."

कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ, नखाएवढी जाळी त्या पट्ट्यावर बसवली गेली. गळ्यात काड्यापेटीएवढी एक पेटी आली. जाळी हुकूम पकडायची, पेटी त्यातून अक्षरं ओळखायची आणि अण्णांच्याच आवाजात उच्चारायची. आवाज त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाच्या चित्रफितीतून उचलला होता.

पण मेंदूचे हुकूम म्हणजे भर बाजारातली कुजबुज. शंभरातली तीसएक अक्षरंच बरोबर ओळखू यायची. म्हणून पेटीत दुसरा थर होता. त्याला प्रयोगशाळेत सगळे 'पुरवणी' म्हणत. समोरचा काय बोलला, वेळ कोणती, घरात काय चाललंय, अशा वेळी वडीलमाणूस साधारण काय म्हणतो, हे सगळं ताडून ही पुरवणी अधलेमधले शब्द भरायची आणि सरळ वाक्य बाहेर काढायची. शून्यापासून नऊपर्यंत ती कमीजास्त करता येई. कुटुंबाने नऊवर ठेवली होती. चार महिने अण्णा अस्खलित बोलत होते.

आणि काय गोड बोलत होते! "जेवण छान झालंय." जावयाला, "निनाद, तुम्ही दमला असाल, बसा." ऋतुजाला ऑफिसात बढती मिळाली त्या दिवशी तर पेटीतून आलं होतं, "ऋतुजा, तू घराचं नाव काढलंस. मला तुझा अभिमान वाटतो." अडतीस वर्षांत अण्णांनी असं कधी म्हटलं नव्हतं. ऋतुजाने ते वाक्य फोनमध्ये साठवून ठेवलं होतं आणि दिवस वाईट गेला की ती ते ऐकायची.

दिवाळीची सुट्टी लागली. मुरूडच्या समुद्रावर चार दिवस जायचं ठरलं. त्याच सुमारास अवचारबाईंचा फोन आला.

"एक निर्णय तुम्हाला घ्यायचाय," त्या म्हणाल्या. "मेंदूही पेटीबरोबर शिकत असतो. सहा महिन्यांच्या आत तो ज्या वाटेने चालायला शिकेल, तीच वाट पक्की होते. पुरवणी नऊवर ठेवली तर बोलणं आयुष्यभर असंच सफाईदार राहील. पण मग मेंदू हुकूम नीट सोडायचे कष्टच घेणार नाही. कमी केली तर अडखळणं आलं. वर्षभर, कदाचित कायमचं. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत फॉर्म भरून पाठवा."

"त्यात ठरवायचं काय?" ऋतुजा म्हणाली. "नऊच. मी आज रात्रीच पाठवते."

"प्रवासात जरा बघा," बाई म्हणाल्या. "अण्णांनाही विचारा."

ऋतुजाने फॉर्म नऊवर भरून ठेवला. पाठवायचा तेवढा राहिला.

रविवारी सकाळी गाडी कराडवरून घाटाच्या दिशेने वळली. वाकडी वाट करून कराडवरूनच जायचं, हा शालनताईंचा, म्हणजे आईचा हट्ट होता. यांचा रस्ता यांना दाखवू, म्हणाली. गाडी आपली आपण चालत होती. पुढच्या दोन्ही जागा मागे फिरवून सगळे समोरासमोर बसले होते. ऋतुजाचा नवरा निनाद तरीही दर वळणाला मागे मान वळवून रस्ता बघत होता. गाडीवर सोडून द्यायची त्याला अजून सवय झाली नव्हती. दहा वर्षांच्या कैरवीने डोळ्यांवर चष्मा चढवला होता आणि ती त्यातल्या कुठल्याशा बर्फाच्या देशात उड्या मारत होती.

मल्हारपेठ मागे पडल्यावर कैरवीने चष्मा काढला. चेहरा पांढराफटक.

"मळमळतंय."

"मग काढ ते आणि बाहेर बघ," आजीने तिच्या हातावर आवळासुपारी ठेवली. "आपण भेंड्या खेळू. गावांच्या. तुझ्या आईचं बालपण या खेळात गेलंय."

"गावांच्या म्हणजे?"

"एकाने गावाचं नाव घ्यायचं. शेवटचं अक्षर येईल त्यावरनं पुढच्याने. पाच म्हणेपर्यंत सुचलं नाही की भेंडी चढली."

कैरवीला एवढं पुरे झालं. "मी पहिली! कराड!"

"ड… डिग्रज," आजी म्हणाली.

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. पेटी क्षणभरही थांबली नाही. "जळगाव."

"वाई," ऋतुजा म्हणाली.

"ई? ई वरनं काय असतं?" निनादने डोकं खाजवलं. "हां! ईश्वरपूर!"

खेळ रंगला. आजीला एवढी गावं कुठून आठवतात याचं निनादला नवल वाटत होतं. कैरवी आकडे मोजायची ती इतक्या भरभर, की समोरच्याचा श्वासच अडकावा. अण्णांच्या पाळीला मात्र मोजायची वेळच येत नव्हती. अक्षर पडायचा अवकाश, पेटीतून गाव बाहेर. अचूक, स्पष्ट, एकदाही न चुकता. पहिल्या फेरीला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या फेरीला थोड्या कमी. तिसऱ्या फेरीत कैरवी जांभई देत म्हणाली, "आजोबांचं तर येणारच."

"माळशिरस," आजी म्हणाली.

"सेवाग्राम," पेटी.

"मिरज."

"जालना."

"नाशिक!"

"कल्याण," आजी म्हणाली आणि लगेच ओठ चावून हसली. "अगं बाई. ण आला की हो तुमच्यावर!"

ऋतुजाही हसली. सगळीकडे ण आला की न धरायची सूट असते. अण्णांच्या घरात ती नव्हती. "आमच्या गाडीत सवलत नाही," ते म्हणायचे. आणि स्वतःवर ण आला की छाती पुढे काढून खुशाल एखादं गाव बनवून सांगायचे. कंडक्टर माणूस, तालुका, थांबा, तिकिटाचे पैसे सगळं इतकं ठामपणे सांगायचे की बोलायची सोय नाही. असलंच एक गाव ऋतुजाने चौथीत परिसर अभ्यासाच्या पेपरात लिहिलं होतं आणि बाईंनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं. ती घरी येऊन रडली, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "बाईंची बदली बाहेरनं झालेली दिसते."

आता ती आतुरतेने पुढे वाकली. "बोला अण्णा. ण!"

पेटी म्हणाली, "ण या अक्षराने सुरू होणारं गाव नाही. मी हरलो. तुम्ही सगळे छान खेळलात. शाब्बास."

निनादने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

"हे आजोबा नाहीयेत," कैरवी म्हणाली.

"कैरू!"

"अगं पण नाहीयेत! आजोबा पत्त्यांत हरले की पत्ते उधळायचे. हरलो असं कधी म्हणालेत?"

ऋतुजाने वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गेले चार महिने ती पेटीकडे बघत बोलत होती, हे तिच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. अण्णांचा जबडा थरथरत होता. कपाळावर घाम होता. त्यांनी डावा हात उचलला आणि बोटाच्या पेराने खिडकीच्या काचेवर टकटक नाही, एकच जोरदार ठोका मारला. टक्.

पेटी गोड आवाजात म्हणाली, "बाहेर फारच सुंदर दृश्य आहे."

"गाडी थांबवा," शालनताई म्हणाल्या. "एक घंटी म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. एवढं तरी मला कळतंय."

हेळवाकच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशी गाडी थांबली. निनाद अण्णांना हात देऊन बाकावर घेऊन गेला. कैरवी टपरीवाल्याच्या कोंबड्यांमागे पळाली. ऋतुजा गाडीच्या दारात उभी राहून फोन उघडू लागली. पेटीच्या ॲपमध्ये 'नोंदी' नावाचा एक कप्पा होता. प्रत्येक वाक्यातलं किती अण्णांच्या मेंदूतून आलं आणि किती पुरवणीने घातलं, याचा हिशेब तिथे ठेवलेला असतो, हे अवचारबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने तो कधी उघडला नव्हता. वाक्यं छान येत होती. आत डोकवायची गरजच काय?

आत्ताची नोंद वर होती. पुरवणी शहाण्णव टक्के. खाली अण्णांच्या मेंदूतून पकडलेली अक्षरं: ण, आ, क, आणि पुढे नुसत्या रेघा.

म्हणजे ते गाव सांगत होते.

तिचं बोट आपोआप मागे मागे सरकत गेलं. बढतीच्या दिवसापर्यंत. "मला तुझा अभिमान वाटतो." पुरवणी अठ्ठ्याण्णव टक्के. खाली अक्षरं होती. तिने ती वाचली. पुन्हा वाचली.

च, प्प, ल. घ, र, त. च, प्प, ल.

तो दिवस तिला लख्ख आठवला. ती आनंदाच्या भरात दार उघडून थेट अण्णांच्या खोलीत धावत गेली होती. बाहेर चिखल होता. आणि तिच्या पायांत चपला होत्या.

तिला हसू आलं. आधी हळू, मग असं की तिला गाडीच्या दाराला धरून खाली बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. निनाद घाबरून धावत आला.

"काय झालं गं?"

"चपला," ती कशीबशी म्हणाली. "मी जन्मात विसरणार नाही असं वाक्य, आणि ते म्हणत होते, घरात चपला घालून येऊ नकोस!"

आई चहाचा कप घेऊन आली होती. तिने फोनमध्ये वाकून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"माझं 'जेवण छान झालंय' बघ बरं त्यात," ती म्हणाली.

ऋतुजाने शोधलं. अक्षरं होती: मी, ठ, क, मी.

"वाटलंच मला!" शालनताईंनी कप खाली आपटला. तोंडावर मात्र हसू फुटत होतं. "चाळीस वर्षांत कधी न निघालेला शब्द. मी म्हटलं, माणूस आजारातनं उठला की सुधारतो. मीठ कमी म्हणत होते होय! आणि मी रोज तेवढंच मीठ घालतेय."

ऋतुजा अण्णांसमोर जाऊन गुडघ्यावर बसली. "अण्णा, तुम्ही बोलत नव्हता. तुमच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलत होतं. हो ना?"

पेटी काही म्हणणार तेवढ्यात तिने ती हाताने झाकली. अण्णांनी हळूच मान हलवली. हो.

"तुम्ही सांगायचा प्रयत्न केलात?"

हो. हो. हो.

"आणि ते पण पेटीने गोड करून सांगितलं."

हो.

साधी हो-नाहीची गोष्ट. चार महिन्यांत कुणी विचारलीच नव्हती. ऋतुजाला स्वतःचीच लाज वाटली. फोनवरचा पुरवणीचा काटा तिच्या अंगठ्याखाली होता. तो खाली नेला की तसं वाक्य पुन्हा कधी पेटीतून येणार नाही, हे तिला कळत होतं. बढतीच्या दिवसाचं ते वाक्य आजवर तिने चाळीस-पन्नास वेळा ऐकलं असेल. तिने अण्णांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे हसत होते, थोडे चिडलेलेही होते, आणि त्या चिडण्यात तिचे वडील होते.

तिने काटा नऊवरून दोनवर आणला.

गाडी पुन्हा निघाली. कुंभार्ली घाट सुरू झाला. अण्णांनी खिडकीच्या काचेला हात टेकवला होता. या घाटातलं प्रत्येक वळण त्यांना माहीत होतं. कैरवीने मांडी ठोकली. "ण राहिलाय. आजोबांवर. मी मोजते."

"कैरू, आता त्यांना वेळ लागेल," निनाद म्हणाला.

"माहितेय मला. म्हणून मी पाव-पावने मोजणारे. एक. सव्वा एक. दीड. पावणेदोन."

पेटीतून खरखर आली. मग एक तुटका, सपाट स्वर. "ण."

गाडी एक वळण वळली, दुसरं वळली.

"सव्वातीन. साडेतीन."

"णा," पेटी म्हणाली. अण्णांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. "णा. का. णा-का-डे."

"णाकाडे?" ऋतुजा ओरडली.

"बु. द्रु. क."

मग ऋतुजाच्या अंगात चौथीतली मुलगी संचारली. "खोटं! साफ खोटं! असं गाव नाहीच! णाकाडे बुद्रुक! कुठाय दाखवा!"

अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं बिनतिकीट प्रवाशाकडे पाहावं. पेटी खरखरली. एकेक अक्षर गाडा ओढल्यासारखं बाहेर आलं.

"खु. र्द. पण. आ. हे."

गाडीत हशाचा असा स्फोट झाला की गाडीनेच चौकशी केली, सगळे ठीक आहेत ना. शालनताई पदर तोंडावर धरून हलत होत्या. निनादने रस्त्याकडे बघणं सोडून दिलं. कैरवी जागेवरच उड्या मारत ओरडत होती, "खुर्द पण आहे! खुर्द पण आहे!" आणि अण्णा? त्यांच्या तोंडातून मूळची ती घरघर येत होती. दोन वर्षं सगळ्यांना तिची भीती वाटायची. आज पहिल्यांदा कळलं की ते हसणं आहे.

घाट उतरेपर्यंत खेळ थांबला नाही. अण्णांचं अर्धं बोलणं कळत नव्हतं. ब चा प व्हायचा, द चा त. "पोफळी" म्हणायला त्यांना दीड मैल लागला. पण कैरवी पाव-पावने मोजत राहिली आणि कुणालाही घाई नव्हती. निनादला आकडेमोडीची सवय. तो फोनमध्ये नोंदी बघत होता. पोफळीच्या पुढे त्याने मान वर केली.

"काहीतरी विचित्र होतंय. हेळवाकला शंभरात एकतीस अक्षरं बरोबर ओळखली जात होती. आता चव्वेचाळीस."

ऋतुजाने अवचारबाईंना फोन लावला. सुट्टीचा दिवस, पण बाईंनी उचलला. सगळं ऐकल्यावर त्यांनी घाईने विचारलं.

"थांबा, थांबा. त्यांना पहिलं अक्षर आधीच माहीत असतं?"

"हो. भेंड्या आहेत ना."

"म्हणजे पेटीलाही माहीत असतं!" बाईंचा आवाज चढला. "अहो, पेटीची अडचणच ती आहे. माणूस नेमकं काय म्हणू पाहतोय हे तिला कळत नाही, म्हणून ती शिकणार कशावरून? इथे पहिलं अक्षर पक्कं, आणि पुढे येणार ते गावाचंच नाव. वाट अरुंद आहे, म्हणून ती हुकूम ताडून बघू शकते. आणि खेळात जिंकायची खुमखुमी असते, तेव्हा मेंदू हुकूमही जोरात सोडतो, आणि जमलं की ती वाट लक्षात ठेवतो. आम्ही काय करत होतो माहितेय? चार महिने त्यांना रोज शंभर वेळा 'आज हवा चांगली आहे' म्हणायला लावत होतो."

"पि. ळ. लं," पेटीतून आलं.

"काय म्हणाले ते?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही त्यांना पिळलं म्हणतायत," ऋतुजा म्हणाली.

फोनवरून मोठ्ठं हसू ऐकू आलं. मग बाई गंभीर झाल्या. "तरी मी खोटी आशा दाखवणार नाही. हे शंभरात शंभर होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. फॉर्म सहाच्या आत हवाय. त्यांनाच ठरवू द्या."

चिपळूणला जेवायला थांबले. ताटात माशाचं कालवण आणि भात. ऋतुजाने फोन टेबलावर अण्णांच्या पुढ्यात ठेवला आणि भरून ठेवलेला फॉर्म उघडला. नऊचा आकडा तिने पुसला होता.

"अण्णा, नऊवर ठेवलं तर उद्या बँकेत, दवाखान्यात, कुठेही सरळ बोलाल. लोक थांबणार नाहीत हो. दोन वाक्यं ऐकायला कुणाला दहा मिनिटं वेळ असतो? दोनवर ठेवलं तर वर्ष जाईल. कदाचित कधीच…"

अण्णांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. हात वर केला. बराच वेळ घास गिळल्यासारखं करत राहिले.

"घा. ई," पेटी म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कु. णा. ला?"

"मग हे इतके दिवस सहन का केलंत?" तिने विचारलं. "एकदा पेटी काढून फेकायची तरी होती."

याचं उत्तर यायला इतका वेळ लागला की निनादचा भात संपला.

"तु. म्ही," अण्णा म्हणाले. "खू. श. हो. ता."

ऋतुजाने फॉर्ममध्ये दोन लिहिलं. खाली आणखी एक प्रश्न होता, नोंदी कुणाकुणाला दिसाव्यात? तिने तो वाचून दाखवला. अण्णांनी लगेच मान हलवली आणि या वेळी पेटीही चटकन बोलली, जणू तो हुकूम कधीचा दारात उभा होता. "कुणाला नाही."

"मला पण नाही?"

"तु. ला. तर…" आणि त्यांनी डोळे मोठे केले. शालनताई खो खो हसायला लागल्या. ऋतुजाने स्वतःचं नाव यादीतून काढलं आणि फॉर्म पाठवून दिला. मग फोनमध्ये साठवून ठेवलेलं ते वाक्य शोधलं. ते तिने पुसलं नाही. पण त्याचं नाव बदलून 'चप्पल' असं केलं.

पुढे कसं झालं ते इथेच सांगून टाकायला हवं. वर्ष नाही, चौदा महिने लागले. शंभरात ब्याऐंशी अक्षरांवर अण्णांची गाडी थांबली ती थांबलीच. बँकेत लोक अजूनही घड्याळाकडे बघतात, आणि अण्णा ते बघत असले की मुद्दाम आणखी सावकाश बोलतात. अवचारबाईंच्या प्रयोगशाळेत आता 'आज हवा चांगली आहे' कुणी म्हणत नाही. तिथे एक गोल टेबल आहे, भोवती रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं बसतात आणि आरडाओरडा एवढा होतो की शेजारच्या विभागाने दोनदा तक्रार केली.

पण तो रविवार अजून संपला नव्हता. साडेपाचच्या सुमारास ते मुरूडला पोचले. ओहोटी लागली होती. वाळू लांबवर ओली चमकत होती. कैरवी आणि निनाद पाण्याकडे पळाले. अण्णा काठी टेकत सुरूच्या झाडांपाशी गेले आणि शालनताईंच्या खांद्याला धरून वाळूत बसले. ऋतुजा सामान खोलीत ठेवून बाहेर आली, तेव्हा ती दोघं समुद्राकडे तोंड करून बसली होती. अण्णांनी पेटीचा आवाज अगदी बारीक केला होता. लाटांच्या गाजेत काही ऐकू येत नव्हतं. फक्त एवढं दिसत होतं की आई कान त्यांच्याकडे झुकवून थांबली आहे. कितीतरी वेळ थांबली आहे. तिला कसलीच गडबड नव्हती.

मग आई एकदम हसली. नेहमीसारखं तोंडावर पदर धरून नाही. मान मागे टाकून, सुटलेल्या केसांनिशी, सोळा वर्षांच्या मुलीसारखी. तिने अण्णांच्या दंडावर एक चापट मारली. अण्णा पुन्हा काहीतरी सांगायला लागले.

ऋतुजा चहाचे पेले घेऊन जवळ गेली. पेटी लगेच गप्प झाली.

"काय म्हणाले गं?" तिने विचारलं.

आईने पेला घेतला. डोळ्यांतलं पाणी बोटाने निपटलं. सूर्य पार खाली आला होता आणि तिचा चेहरा लालबुंद दिसत होता. उन्हाने की आणखी कशाने, कोण जाणे.

"तुला काय करायचंय?" ती म्हणाली. "आमचं बोलणं चाललंय. जा तू, पोरीकडे बघ."